सागवानाची गोष्ट

नागपुरात समुद्र नाही, पण सागवानाची पारख घरोघरी आहे. आजोबांच्या लग्नातला आलापल्लीच्या सागवानाचा पलंग आठवा. पॉलिश गेलं, तरी सांधा हलत नाही. ‘जुना झाला, विकून टाकू,’ म्हटलं की आई नाही म्हणते. का? याचं उत्तर एका जहाजात आहे.

१२ ऑक्टोबर १८१७ला मुंबईच्या गोदीत ‘ट्रिंकोमाली’ ही युद्धनौका पाण्यात उतरली. बांधणारे जमशेटजी बोमनजी वाडिया. इंग्लंडमध्ये ओकच्या लाकडाची टंचाई होती, म्हणून सागवान वापरलं. ओकमधलं आम्ल लोखंडी खिळे खातं. सागवानातलं तेल त्यांना गंजू देत नाही, लाकडालाही सहसा कीड लागू देत नाही.

जमशेटजी १८२१ मध्ये गेले. १८९७ मध्ये नौदलानं ‘ट्रिंकोमाली’ भंगारात विकली. त्याच वर्षी व्हीटली कॉब यांचं ‘फूद्रॉयां’ हे इंग्लंडमध्ये बांधलेलं जहाज ब्लॅकपूलच्या किनाऱ्यावर वादळात फुटलं. पोरांना जहाजावरचं काम शिकवायला त्यांना दुसरं हवं होतं. त्यांनी ऐंशी वर्षांची ‘ट्रिंकोमाली’ भंगारातून सोडवली आणि तिला ‘फूद्रॉयां’ हेच नाव दिलं. १९८६ पर्यंत तिच्यावर पोरं शिकली.

आज ती मूळ नावानं हार्टलपूलला आहे. पाण्यावर तरंगणारी ब्रिटनची सर्वांत जुनी युद्धनौका!

कॉब यांनी तिला वाचवलं ते नुसत्या मायेपोटी नाही. ती अजून कामाची होती. आईचंही तेच म्हणणं असतं: पलंग जुना झालाय, निकामी नाही.