श्वानाचा माग आणि माणसाचा न्याय

सातपुड्याच्या पायथ्याशी वसलेल्या सोनाळ्यासारख्या वऱ्हाडी गावांत पूर्वी रात्रीची राखण करी तो जागल्या. पेशव्यांच्या मुलखातही गावोगावी असे राखणदार असत. चोरी झाली की ते पावलांच्या खुणांवरून माग काढीत. माग शिवेपलीकडे गेल्यास तो पुढच्या गावच्या राखणदाराच्या स्वाधीन केला जाई. आणि ज्या गावापर्यंत तो स्पष्टपणे पोहोचे, त्या गावावर भरपाईची जबाबदारी येई. एल्फिन्स्टन यांनी १८१९ च्या आपल्या अहवालात ही रीत नोंदविली आहे.

माणसाच्या डोळ्यांचे हे काम पुढे श्वानाच्या नाकाकडे आले. युरोपात त्याची परंपरा ख्रिस्ती मठाशी जोडलेली आहे. इ. स. ७२७ मध्ये निवर्तलेले बिशप संत ह्युबर्ट हे शिकाऱ्यांचे आश्रयदाते. आर्देनच्या अरण्यातील त्यांच्या नावाच्या मठात संन्याशांनी जोपासलेली श्वानांची जात फ्रेंच भाषेत आजही ‘संत ह्युबर्टचा श्वान’ म्हणून ओळखली जाते. इंग्रज तिला ब्लडहाउंड म्हणतात. आपल्याकडे मुंबई पोलिसांचे श्वानपथक १९५९ साली तीन डॉबरमन कुत्र्यांनिशी सुरू झाले.

यात चमत्कार नाही. आपल्या त्वचेचे सूक्ष्म कण अखंड गळत असतात. घाम व जिवाणू यांमुळे त्यांना येणारा गंध माणसागणिक वेगळा असतो. घटनास्थळी सापडलेली चप्पल वा रुमाल हुंगवून कुत्र्याला लांब दोरीवर मागावर लावतात. सावली आणि ओल गंध टिकवितात. ऊन, वारा आणि बघ्यांची पावले तो पुसून टाकतात. म्हणजे माग खरा असू शकतो, तसा चुकूही शकतो.

परंतु कुत्रे एखाद्याच्या दारात थांबले की गाव तत्क्षणी निवाडा करून मोकळे होते, आणि त्या घरावर लागलेला डाग सहसा पुसला जात नाही. न्यायालयाने अशी घाई केली नाही. महाराष्ट्रातील एका रेल्वे घातपाताच्या खटल्यात पोलीस श्वानाने आरोपीला ओळखले होते. १९६९ साली सर्वोच्च न्यायालयाने म्हटले, की शास्त्रीय ज्ञानाच्या विद्यमान अवस्थेत अशा पुराव्याला सामान्यतः फारसे वजन नसते. श्वानाची ओळख बाजूला ठेवूनही उरलेला पुरावा पुरेसा आहे, असे पाहूनच न्यायालयाने दोष कायम केला. २००१ साली आंध्रातील एका खटल्यात त्याच न्यायालयाने पुन्हा स्पष्ट केले, की तपासाला श्वानाचे साहाय्य घेता येईल, न्यायदानाला ते परवडणारे नाही. श्वानाला शपथ देता येत नाही, त्याची उलटतपासणीही होत नाही.

पवित्र शास्त्राच्या वाचकांना हा विचार अपरिचित नाही. एकाच साक्षीवर कोणाला दोषी ठरवू नये, असे अनुवादाच्या एकोणिसाव्या अध्यायात सांगितले आहे. सुसान्नेविरुद्ध तर दोन साक्षीदार होते, तेही वडीलधारे. दानिएलाने त्यांना वेगवेगळे उभे करून प्रश्न विचारले, म्हणून ती निरपराध स्त्री वाचली. श्वान आपल्याला दारापर्यंत आणील. दारामागच्या माणसाविषयी तोंड उघडण्यापूर्वी दानिएलाप्रमाणे विचारपूस करणे, हे मात्र आपलेच कर्तव्य होय.