आर्क्टिक भूखार

आर्क्टिक भूखार (शास्त्रीय नाव: उरोसिटेलस पॅरिआय) ही खारींच्या कुळातील, जमिनीत बिळे करून राहणारी कृंतक प्रजाती आहे. ती अलास्का, कॅनडाचा उत्तर भाग आणि रशियाच्या ईशान्येकडील सैबेरियात आढळते. शीतनिद्रेच्या काळात शरीराचे तापमान गोठणबिंदूच्या खाली नेऊनही जिवंत राहणारा सस्तन प्राणी म्हणून ती शास्त्रज्ञांच्या विशेष अभ्यासाचा विषय झाली आहे.

नाव व वर्गीकरण

स्कॉटिश निसर्गअभ्यासक जॉन रिचर्डसन यांनी १८२५ मध्ये या प्रजातीचे शास्त्रीय वर्णन केले. 'पॅरिआय' हे नाव ध्रुवीय सफरी करणारे ब्रिटिश दर्यावर्दी विल्यम एडवर्ड पॅरी यांच्यावरून दिलेले आहे. पूर्वी तिचा समावेश स्पर्मोफिलस या प्रजातिसमूहात होत असे. २००९ मध्ये या मोठ्या समूहाची विभागणी होऊन तिला उरोसिटेलसमध्ये स्थान मिळाले. इन्युइट लोक तिला 'सिकसिक' म्हणतात. हे नाव तिच्या आवाजावरून पडले आहे. महाराष्ट्राचा राज्यप्राणी शेकरू याच कुळातील असला, तरी तो वृक्षवासी आहे.

अधिवास व जीवनक्रम

टुंड्रा प्रदेशात जमिनीखालचा थर बाराही महिने गोठलेला असल्याने खोल बीळ खणता येत नाही. त्यामुळे ही खार पाण्याचा निचरा होणारी वाळूमिश्रित जमीन, नदीकाठ व उतार निवडते. तिच्या अंगावर पिंगट रंगाची, पांढरट ठिपक्यांची लोकर असते. गवत, पाने, फुले, बिया, बेरीवर्गीय फळे व कवके हा तिचा आहार असून ती प्रसंगी मांसही खाते. लांडगा, कोल्हा, ग्रिझली अस्वल व सोनेरी गरुड हे तिचे प्रमुख शत्रू होत. आकाशातून येणाऱ्या शत्रूसाठी शीळ व जमिनीवरील शत्रूसाठी कचकचाट, असे तिचे इशारे वेगवेगळे असतात. मादी वर्षातून एकदाच पिलांना जन्म देते. गर्भकाळ सुमारे २५ दिवसांचा असतो.

शीतनिद्रा

ही खार वर्षातील सात ते आठ महिने शीतनिद्रेत असते. १९८९ मध्ये अलास्का विद्यापीठाचे ब्रायन बार्न्स यांनी प्रसिद्ध केलेल्या संशोधनानुसार, या काळात तिच्या शरीराचे तापमान उणे २.९ अंश सेल्सिअसपर्यंत उतरते. तरीही रक्त गोठत नाही. रक्तात गोठण रोखणारे कोणतेही खास द्रव्य आढळले नाही. द्रव पदार्थ गोठणबिंदूखाली जाऊनही द्रवच राहण्याच्या या अवस्थेस 'अतिशीतन' म्हणतात.

ही निद्रा सलग नसते. साधारण दोन-तीन आठवड्यांनी खार थरथरून व तपकिरी चरबी जाळून शरीर पुन्हा सुमारे ३६ अंशांपर्यंत तापवते आणि एक दिवसाच्या आत पुन्हा थंड होते. साठवलेल्या चरबीचा मोठा भाग या जागृतीवरच खर्च होतो.

नर बिळात अन्न साठवून ठेवतो. वसंताच्या आधीच तो शरीराचे तापमान पूर्ववत करतो व काही आठवडे बिळातच राहून साठा खातो. या अवधीत त्याचे वृषण परिपक्व होतात. मादी नंतर बाहेर येते आणि लवकरच समागम होतो.

हवामानबदलाचा परिणाम

उत्तर अलास्कात सुमारे २५ वर्षे गोळा केलेल्या माहितीवर आधारित अभ्यास २०२३ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. त्यानुसार, जमिनीचा वरचा थर हिवाळ्यात पूर्वीपेक्षा उशिरा गोठू लागला आहे. माद्या शीतनिद्रेतून लवकर बाहेर येत आहेत. नरांचे वेळापत्रक मात्र तसे बदललेले नाही. लवकर बाहेर आल्याने माद्यांची चरबी वाचते, हा लाभ आहे. परंतु हे अंतर वाढत राहिल्यास माद्या बाहेर येतील तेव्हा नर प्रजननक्षम झालेले नसतील, अशी शक्यता आहे. या खारीवर अनेक शिकारी प्राणी अवलंबून असल्याने अशा बदलाचे परिणाम तिच्यापुरते मर्यादित राहणार नाहीत.

महत्त्व

खारीने बिळे खणल्याने माती वरखाली होते व बिया पसरतात. सैबेरियात कोलिमा नदीच्या परिसरात, हिमयुगातील भूखारींच्या गोठलेल्या बिळांत सापडलेल्या सुमारे ३२,००० वर्षांपूर्वीच्या फळांच्या ऊतींपासून रशियन शास्त्रज्ञांनी सायलीन स्टेनोफिला ही वनस्पती पुन्हा वाढवली. हे संशोधन २०१२ मध्ये प्रसिद्ध झाले. आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाच्या सूचीत ही प्रजाती सध्या 'कमी चिंताजनक' या वर्गात आहे.