महाराष्ट्रातील रॉक संगीत

महाराष्ट्रातील रॉक संगीत ही १९६० च्या दशकात प्रामुख्याने मुंबईत रुजलेली संगीतधारा आहे. ठरावीक नोकरी, संसार आणि प्रतिष्ठेच्या रूढ कल्पना यांतून सुटण्याची वाट म्हणून तत्कालीन तरुणांच्या एका वर्गाने तिच्याकडे पाहिले.

पार्श्वभूमी

व्हिएतनाम युद्धाच्या काळात अमेरिकेत उपभोगवाद नाकारणारी हिप्पी चळवळ उभी राहिली. तिचे अनुयायी गोव्यातील हणजूण किनाऱ्यापर्यंत पोहोचले. मुंबईतील बंडखोरीला मात्र आरंभापासून एक विसंगती चिकटलेली होती. वाद्यवृंदांना देशभर नाव मिळवून देणारी सिमला बीट स्पर्धा एका सिगारेटच्या जाहिरातीसाठी भरवली जात असे. तिच्या १९७० व १९७१ च्या ध्वनिमुद्रिका आजही संग्राहक शोधतात. शिवाय परदेशी गिटार आणि तबकड्या सामान्य घराला परवडत नसत. भौतिक सुखांकडे पाठ फिरवणारे बहुतेक तरुण ती सुखे घरी असलेल्या, इंग्रजी शिकलेल्या वर्गातील होते. रूढ समाजव्यवस्थेला याहून मूलगामी आव्हान १९७२ मध्ये स्थापन झालेल्या दलित पँथरने दिले, आणि त्यासाठी तिला गिटारची गरज भासली नाही.

मराठीशी संबंध

गीते इंग्रजीतच राहिल्याने ही धारा मराठी रसिकांपासून दूर राहिली. नंदू भेंडे हे या दोन जगांतील महत्त्वाचे दुवे होत. आत्माराम व आशा भेंडे या नाट्यकर्मी दांपत्याच्या या पुत्राने अलेक पदमसी यांच्या ‘जीझस क्राइस्ट सुपरस्टार’मध्ये जूडास साकारला, ‘ॲटॉमिक फॉरेस्ट’ या वाद्यवृंदात गायन केले आणि पु. ल. देशपांडे यांच्या ‘तीन पैशाचा तमाशा’ (१९७८) या नाटकातून रॉकचा बाज मराठी रंगभूमीवर आणला. कवी अरुण कोलटकर यांनीही १९७० च्या दशकात या वळणाची इंग्रजी गीते रचून ध्वनिमुद्रित करून पाहिली होती.

१९८४ मध्ये ‘रॉक मशीन’ (पुढे ‘इंडस क्रीड’) हा वाद्यवृंद स्थापन झाला. परकीय गाण्यांच्या नकला ऐकण्यास सरावलेल्या श्रोत्यांपुढे त्याने स्वरचित गीते मांडली. धोबीतलावच्या रंगभवनात १९८६ पासून ‘इंडिपेंडन्स रॉक’ महोत्सव भरू लागला; परिसर शांतता क्षेत्रात आल्याने हे खुले रंगमंदिर पुढे मैफलींना मुकले.

पालघर परिसर

तारापूर अणुविद्युत केंद्र १९६९ मध्ये कार्यान्वित झाले. त्यानंतर वाढलेल्या बोईसर-तारापूर औद्योगिक पट्ट्यात कारखान्याची पाळी हेच दिनक्रमाचे माप बनले. येथील श्रोत्यांना मोठ्या मैफलींसाठी मुंबईच गाठावी लागते. २०१३ मध्ये उपनगरी गाड्या डहाणूपर्यंत धावू लागल्याने ती वाट काहीशी सुकर झाली. या भूमीचे स्वतःचे सामूहिक संगीत म्हणजे वारल्यांचा तारपा. त्यात वादक आणि श्रोते असा भेद फारसा उरत नाही. तारपकऱ्याभोवती हातात हात गुंफून सारा पाडा नाचतो.