भट्टी विझल्यावर भरणारा बाजार

भिलाईची पहिली झोतभट्टी ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते सुरू झाली. कारखाना आजही चालू आहे, रेल्वेचे रूळ आजही तिथं घडतात. त्यामुळे तिथं भट्टीपाशी नाताळचा बाजार भरणं शक्यच नाही. तसा बाजार पाहायचा, तर जर्मनीतल्या ड्यूसबर्गला जायला हवं.

तिथल्या मायडरिशच्या कारखान्यात १९०३ पासून लोखंड निघत होतं. १९८५ मध्ये तो बंद पडला. पण भट्ट्या पाडल्या नाहीत. पीटर लाट्झ यांच्या आराखड्यानुसार त्यांच्याभोवती उद्यान उभं राहिलं, १९९४ मध्ये ते खुलं झालं. नाताळाआधी जुन्या यंत्रघरात बाजार भरतो. आलेला माणूस भट्टीवर चढून पाहतो, इथं काय घडत होतं ते त्याला कळतं.

आता आपलं गिरणगाव. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, पुढं गिरण्या बंद पडत गेल्या. लोअर परळच्या फिनिक्स मिलमध्ये आता मॉल आहे. नाताळात तिथं झगमगाट असतो. चिमणी उभी आहे. साचे गेले, भोंगा गेला.

सण दोन्हीकडे आहे. फरक राखलेल्या आठवणीचा आहे. भिलाईच्या कामगारांच्या आठवणी भट्टी पेटती असतानाच लिहून ठेवायला हव्यात.