रोडाच्या दहा पेट्या

२६ ऑगस्ट १९१४, बुधवार. कलकत्त्यातल्या रोडा अँड कंपनी या बंदूक विकणाऱ्या पेढीच्या २०२ पेट्या त्या दिवशी जकात कचेरीतून सोडवण्यात आल्या. व्हॅन्सिटार्ट रोवरच्या गोदामात १९२ पोचल्या. 'राहिलेला माल घेऊन येतो' असे सांगून कंपनीचा कारकून पुन्हा बाहेर पडला तो आलाच नाही. पोलिसांत वर्दी गेली ती तीन दिवसांनी.

ही हकीकत रौलट कमिटीच्या, म्हणजे सिडिशन कमिटीच्या १९१८ च्या अहवालात एका परिच्छेदात आली आहे. गहाळ झालेल्या दहा पेट्यांत ५० माउझर पिस्तुले होती आणि ४६,००० काडतुसे. भागाकार करून पाहिला तर एका पिस्तुलामागे ९२० काडतुसे पडतात. चोरी किती मोठी होती हे पन्नासच्या आकड्यापेक्षा या ९२० वरून अधिक कळते. त्या काळात कुठल्याही गुप्त मंडळाला पिस्तूल एकवेळ मिळे, काडतुसे मिळत नसत, आणि काडतुसे संपली की पिस्तुलाला काही किंमत उरत नसे. युरोपात युद्धाला तोंड लागून जेमतेम तीन आठवडे झाले होते. अशा वेळी वर्षभर पुरेल एवढा दारूगोळा भर दिवसा, सरकारी जकात कचेरीच्या दारातून बैलगाडीत घालून नेला गेला.

पिस्तुलाबद्दल अहवालाने दोन गोष्टी टिपून ठेवल्या आहेत. हत्यार मोठे, .३०० बोअरचे. ते ज्या पेटीत ठेवलेले असे ती पेटी मुठीच्या मागे अडकवली की तीच दस्ता होई आणि पिस्तूल रायफलीसारखे खांद्याला लावून झाडता येई. दुसरी गोष्ट कायद्याच्या दृष्टीने अधिक महत्त्वाची. प्रत्येक पिस्तुलावर क्रमांक कोरलेला होता आणि त्या क्रमांकांची नोंद कंपनीच्या वहीत होती. कंपनीची वही शाबूत होती, त्यामुळे पुढे बंगालात कुठेही माउझर सापडले की ते रोडाचे की दुसरे कोणाचे, हे पडताळून पाहता येत होते.

कारकुनाचे नाव श्रीशचंद्र मित्र, ओळखीच्यांत हाबू. अहवाल त्याचे कामही सांगतो: परदेशातून आलेला शस्त्रांचा माल जकातीतून सोडवून आणणे. बाकीचा तपशील मिळतो तो क्रांतिकारकांनी पुढे सांगितलेल्या आठवणींतून. सात बैलगाड्या होत्या. सहा गोदामाकडे वळल्या आणि सातवी मलंगा लेनकडे गेली. तिचा गाडीवान म्हणजे केस बारीक कापून, मळके धोतर नेसून हिंदुस्थानी गाडीवानाचे सोंग घेतलेले हरिदास दत्त. योजनेत अनुकूल मुखर्जी होते आणि विपिनबिहारी गांगुलींचा गट होता. आठवणी आणि अहवाल यांचा मेळ बऱ्यापैकी बसतो. एक फरक मात्र ध्यानात ठेवायला हवा. आठवणी सांगणाऱ्यांना पराक्रम सांगायचा होता, तर अहवाल लिहिणाऱ्यांना नवा कायदा करवून घ्यायचा होता. दोघांनाही चोरी मोठीच दिसायला हवी होती.

आता या प्रकरणाकडे फौजदारी वकिलाच्या नजरेने पाहू.

कारकुनाने माल पळवला तर तो गुन्हा कोणता? सहज वाटते की हा विश्वासघात, कारण माल त्याच्या हाती विश्वासाने सोपवलेला होता. पण तेव्हा लागू असलेल्या भारतीय दंड संहितेचे २७ वे कलम सांगे की नोकराने मालकाच्या वतीने ताब्यात ठेवलेली वस्तू ही मालकाच्याच ताब्यात आहे असे धरायचे. म्हणजे जकात कचेरीच्या फाटकाबाहेर गाडीत चढवलेल्या पेट्या कायद्याच्या लेखी रोडा कंपनीच्याच ताब्यात होत्या आणि हाबूने त्या वाट बदलून नेल्या ही सरळ नोकराने केलेली चोरी होते. कलम ३८१, कमाल सात वर्षे. विश्वासघात धरला तरी कलम ४०८ खाली पुन्हा सातच वर्षे. बाहेरच्या माणसाने केलेल्या साध्या चोरीला कलम ३७९ खाली तीन. चोरीचा माल जाणूनबुजून घेणाऱ्याला किंवा ठेवणाऱ्याला कलम ४११ खाली तीन, आणि तो लपवायला, विल्हेवाट लावायला मदत करणाऱ्याला कलम ४१४ खालीही तीन.

या कलमांना चोरीला गेले काय याच्याशी देणेघेणे नाही. दहा पेट्यांत माउझरऐवजी शिवणयंत्रे असती तरी आकडे हेच राहिले असते. शस्त्राचा वेगळा विचार होता तो १८७८ च्या हत्यारांच्या कायद्यात, पण तो कायदा चोरीबद्दल बोलतच नाही. तो विचारतो एवढेच: परवाना आहे का? परवान्याशिवाय बाळगले तर कलम १९ खाली तीन वर्षांपर्यंत. सरकारी नोकराला कळू नये अशा बेताने बाळगले, लपवले, तर कलम २० खाली सातपर्यंत. हत्यार बापजाद्यांचे असो, विकत घेतलेले असो वा पळवलेले, कायद्याला फरक पडत नव्हता.

पोलिसांना हा दुसराच कायदा सोयीचा होता. कलम ४११ लावायचे तर माल चोरीचा आहे हे आणि आरोपीला ते ठाऊक होते हे, दोन्ही शाबीत करावे लागते. पहिले काम कंपनीची वही करून टाकी, दुसरे अवघड. पुराव्याच्या तेव्हाच्या कायद्याचे ११४ वे कलम इथे मदतीला येते. चोरीनंतर लवकरच ज्याच्याजवळ माल सापडतो आणि ज्याला तो कुठून आला हे सांगता येत नाही, तो चोर तरी आहे किंवा माल जाणून घेणारा तरी, असे न्यायालय गृहीत धरू शकते. पण यात 'लवकरच' हा शब्द आहे. महिनाभरात सापडलेल्या पिस्तुलाबद्दल हे गृहीतक चालते. दोन वर्षांनी, चार हात फिरून आलेल्या पिस्तुलाबद्दल ते लटके पडते. आणि रोडाची पिस्तुले फिरली ती हातोहात. अहवाल म्हणतो की ४४ पिस्तुले जवळजवळ ताबडतोब ९ वेगवेगळ्या गटांत वाटली गेली. राहिलेल्या सहांचे काय, याबद्दल त्या परिच्छेदात अवाक्षर नाही. ही वाटणी ज्याने कोणी केली त्याला फौजदारी कायदा ठाऊक असो वा नसो, फिर्यादी पक्षाचे काम त्याने कठीण करून ठेवले.

मुख्य आरोपी हाबू रंगपूरच्या बाजूने निसटला आणि कधीच कोर्टापुढे आला नाही. तो गेल्याने साखळीतली पहिली कडीच निखळली. जकात कचेरी ते मलंगा लेन हा रस्ता कोर्टात कोण सांगणार? जे हाती लागले त्यांत हरिदास दत्त होते, कालिदास बसू होते. शिक्षा झाली दोन वर्षांची सक्तमजुरी. पन्नास पिस्तुले, सेहेचाळीस हजार काडतुसे आणि दोन वर्षे. सरकारी अधिकाऱ्यांना ते किती झोंबले असेल हे समजायला त्यांचे खाजगी पत्रव्यवहार चाळण्याची गरज नाही. चार वर्षांनी लिहिलेल्या अहवालाचा सूरच ते सांगतो.

त्या अहवालाचा पुढचा दावा असा की वाटल्या गेलेल्या पिस्तुलांचा वापर ऑगस्ट १९१४ नंतरच्या ५४ दरोड्यांत, खुनांत किंवा तशा प्रयत्नांत झाला. पुढे जाऊन तो असेही म्हणतो की त्यानंतर बंगालात ज्यात ही पिस्तुले वापरली गेली नाहीत असे क्रांतिकारी कृत्य क्वचितच झाले असेल. हा ५४ चा आकडा जपून वापरायला हवा. तो कुठल्या निकालपत्रातून आलेला नाही. तो गुप्त पोलिसांच्या माहितीवर उभा आहे, आणि कमिटीपुढे उलटतपासणी करायला आरोपीचा वकील नव्हता. क्रमांक जुळवून पाहता येत होता तो जप्त झालेल्या पिस्तुलाचा. गोळी झाडून पळून गेलेल्या माणसाच्या हातात कोणत्या क्रमांकाचे पिस्तूल होते हे कोण सांगणार? फार तर काडतुसाच्या पुंगळीवरून ते माउझरचे होते एवढे कळेल. माझ्या मते ५४ हा आकडा 'जिथे माउझर, तिथे रोडा' या हिशेबाने बराचसा फुगला असावा. अजिबात खोटा मात्र नसावा, कारण बंगालात एवढ्या संख्येने माउझर येण्याची दुसरी वाट नव्हती. ९ सप्टेंबर १९१५ रोजी बालासोरजवळ बुडीबलंग नदीच्या काठी जतीन मुखर्जी आणि त्यांचे चार साथीदार पोलिसांशी लढले तेही माउझर हाती घेऊनच. तिथे चित्तप्रिय रायचौधुरी जागीच पडले, जतीनदा दुसऱ्या दिवशी रुग्णालयात वारले. मनोरंजन सेनगुप्त आणि निरेंद्र दासगुप्त फाशी गेले. हत्यारांच्या त्याच खेपेतले पिस्तूल मलंगा लेनमध्ये सापडले तर दोन वर्षे आणि बालासोरला झाडले तर फाशी.

इथे नाशिकचे प्रकरण आठवल्याशिवाय राहत नाही. रौलट कमिटीत जे पाच सभासद होते त्यांत सर बेझिल स्कॉट होते, मुंबईचे सरन्यायाधीश. १९१० साली नाशिक कटाचा खटला ज्या विशेष न्यायासनापुढे चालला त्याचे प्रमुखही तेच. सोबत चंदावरकर आणि हीटन. त्या खटल्याच्या मुळाशी वीस ब्राउनिंग पिस्तुले होती. लंडनच्या इंडिया हाउसमध्ये आचारी असलेल्या चतुर्भुज अमीनने ती पेटीच्या चोरकप्प्यातून मुंबईला आणली. ती कुणाची चोरलेली नव्हती, पैसे मोजून घेतलेली होती. पण चतुर्भुज माफीचा साक्षीदार झाला आणि त्याने पिस्तुले कोणी दिली, कुठे पोचवली, हा सगळा रस्ता कोर्टात सांगितला. २४ डिसेंबर १९१० च्या निकालात आरोपी वि. दा. सावरकरांवर युद्धाला साहाय्य केल्याचा दोष ठेवला गेला आणि त्यात शस्त्रे पुरवणे हे एक कृत्य धरले होते. शिक्षा जन्मठेप, काळे पाणी, मालमत्ता जप्त.

विकत घेतलेल्या वीस पिस्तुलांना काळे पाणी आणि चोरलेल्या पन्नासांना दोन वर्षे. दोन्ही प्रकरणांत कायदेपुस्तक तेच होते. फरक पडला तो रस्ता सांगणारा माणूस साक्षीच्या पिंजऱ्यात उभा राहिला की नाही यामुळे. १९१७ च्या डिसेंबरात कमिटीवर नेमले गेलेल्या स्कॉटसाहेबांना हे दुसऱ्या कोणी समजावून सांगण्याची गरज नव्हती.

सरकारने दरम्यान वेगळी वाट काढलीच होती. मार्च १९१५ मध्ये भारत संरक्षण कायदा झाला. संशयिताला खटल्याशिवाय एखाद्या गावी स्थानबद्ध करून ठेवता येऊ लागले. रोडाच्या मालाशी संबंध जोडल्या गेलेल्यांत बडाबाजारातले काही मारवाडी तरुण होते, काडतुसे लपवायला मदत केल्याचा त्यांच्यावर संशय होता. त्यांतले एक हनुमानप्रसाद पोद्दार. १९१६ साली त्यांना पकडून बाँकुडा जिल्ह्यातल्या सिमलापाल इथे ठेवले ते २१ महिने. दंड संहितेचे ४११ किंवा ४१४ कलम त्यांच्यावर शाबीत झाले नाही, शाबीत करण्याचा प्रश्नच आला नाही. पुराव्यानिशी दोषी ठरलेल्या हरिदास दत्तांना चोवीस महिने आणि पुराव्याविना संशयित राहिलेल्या पोद्दारांना एकवीस. सुटकेनंतर बंगालात राहण्यास मनाई झाली तेव्हा ते मुंबईला आले आणि पुढे १९२६ साली 'कल्याण' मासिक सुरू झाले तेही मुंबईतच. गोरखपूरच्या गीता प्रेसशी त्यांचे नाव कायमचे जोडले गेले ते त्यानंतर. भाविकांच्या घरी आजही 'कल्याण'चे अंक असतात, त्याच्या संपादकाच्या चरित्रात माउझरच्या काडतुसांचे प्रकरण आहे हे थोड्यांनाच माहीत असते.

एप्रिल १९१८ मध्ये कमिटीने अहवाल दिला तेव्हा पन्नासांपैकी ३१ पिस्तुले बंगालच्या वेगवेगळ्या भागांतून परत मिळाली होती, १९ बाहेर होती. युद्धकाळातला भारत संरक्षण कायदा युद्धाबरोबर संपणार होता. साध्या कायद्याने हे गुन्हे आटोक्यात येत नाहीत, असे कमिटीचे म्हणणे आणि रोडाचा परिच्छेद त्या म्हणण्याचा एक पाया. मार्च १९१९ मध्ये रौलट कायदा आला, त्यानंतर काय झाले ते शाळेच्या पुस्तकात आहे. त्या कायद्यात चोरीच्या शस्त्राची शिक्षा वाढवलेली नाही हे मात्र मुद्दाम पाहण्यासारखे आहे. वाढवले ते ज्यूरीशिवाय खटला चालवण्याचे आणि खटल्याशिवाय अडकवून ठेवण्याचे अधिकार. शिक्षा अपुरी होती अशी सरकारची तक्रार नव्हतीच, नोकरालाही सात वर्षे देता येत होतीच. तक्रार होती पुराव्याबद्दल.

१८७८ चा हत्यारांचा कायदा जाऊन १९५९ चा आला. त्याच्या आठव्या कलमात रोडाच्या वहीची आठवण व्हावी अशी तरतूद आहे. बंदुकीवरचा ओळखक्रमांक खरवडलेला आढळला तर तो ज्याच्याजवळ सापडली त्यानेच खरवडला असे गृहीत धरायचे, उलट शाबीत करणे त्याच्यावर. २०१९ च्या दुरुस्तीने विनापरवाना बंदूक बाळगण्याची शिक्षा दोन ते पाच वर्षे केली आणि पहिल्यांदाच हत्यार हिसकावण्याला स्वतंत्र जागा दिली: पोलिसांकडून किंवा सशस्त्र दलांकडून बळाने बंदूक घेतली तर किमान दहा वर्षे, कमाल जन्मठेप. हाबूने मात्र बळ वापरले नव्हते आणि माल पोलिसांचा नव्हता, खाजगी पेढीचा होता. आज कोणा कारकुनाने दहा पेट्या अशाच वळवल्या तर विनापरवाना बाळगल्याचे कलम लागेलच, पण चोरीसाठी त्याला लागेल ते दंड संहितेच्या जागी आलेल्या भारतीय न्याय संहितेचे ३०६ वे, नोकराने केलेली चोरी, कमाल सात वर्षे. आणि माल जाणून घेणाऱ्याला ३१७ वे, कमाल तीन.