भाव आणि भावना

घर घ्यावें किंवा जमिनींत पैसा गुंतवावा, हा विचार ज्याच्या घरीं कधींच निघाला नाहीं असा गृहस्थ शहरांत विरळा. परंतु हा विचार निघाला म्हणजे हिशेबाची वही बाजूला राहते, आणि शेजाऱ्यानें काय घेतलें, उद्यां भाव किती चढेल, याचीच चर्चा रंगते. अशी चर्चा मुंबईच्या एका पिढीला किती महाग पडली, त्याची हकीकत आज सांगावयाची आहे.

१८६१ सालीं अमेरिकेंत यादवी युद्ध जुंपलें. उत्तरेच्या आरमारानें दक्षिणेचीं बंदरें रोखलीं व लँकेशायरच्या गिरण्यांना कापूस मिळेनासा झाला. मग वऱ्हाड, खानदेश, गुजराथ येथील कापसाला सोन्याचा भाव आला आणि मुंबईंत पैशाचा पूर लोटला. या पैशाला वाट हवी होती. शहरांत माणसें फार, जमीन थोडी; तेव्हां समुद्र बुजवून जमीन करावी, अशी कल्पना निघाली. कल्पना मुळांत खोटी नव्हती, हें आधींच सांगून ठेवतों.

या भरांत निघालेल्या कंपन्यांत बॅक बे रेक्लमेशन कंपनीचें नांव सर्वांच्या तोंडीं होतें. तिचा शेअर पांच हजारांचा. तिचे ४०० शेअर जाहीर लिलावांत निघाले, तेव्हां त्यांचे १ कोटि ६ लाख रुपये आले. म्हणजे दर शेअरास सरासरी २६,५०० रुपये! आणि ज्या जमिनीसाठीं ही रक्कम मोजली, ती अद्याप पाण्याखालींच होती. भराव पुरा होण्यास किती वर्षें लागतील, त्यावर किती घरें बसतील, त्यांचें भाडें काय येईल, हे साधे प्रश्न विचारावयास फारच थोडे थांबले. शेजारी श्रीमंत झाला आणि आपण मागें राहिलों, ही टोंचणी हिशेबापेक्षां बलवत्तर ठरली. बँका शेअरांच्याच तारणावर कर्ज देत, आणि त्या कर्जांतून पुन्हां शेअरच घेतले जात.

एप्रिल १८६५ मध्यें दक्षिणेच्या मुख्य सेनापतीनें शरणागति पत्करली. कापूस गडगडला. १ जुलै १८६५ हा वायदे पुरे करण्याचा दिवस उजाडला, तेव्हां देणें भागविण्याची ऐपत असलेले थोडे आणि बुडालेले फार, अशी स्थिति झाली. विश्वविद्यालयाच्या ग्रंथालयास व राजाबाई मनोऱ्यास ज्यांनीं उदार देणगी दिली, ते प्रेमचंद रायचंदही या पडझडींतून सुटले नाहींत. बँक ऑफ बॉम्बे १८६८ त मोडीत निघाली.

हांवेनें जसें अंध केलें, तसेंच भीतीनेंही केलें. काल ज्या कागदासाठीं झुंबड उडाली, त्याकडे आज कोणी पाहीना. परंतु समुद्रांत भराव घालण्याचा उपयोग कांहीं नाहींसा झाला नव्हता. एल्फिन्स्टन कंपनीची बंदराकडील मालमत्ता १८७० सालीं सरकारनें विकत घेतली. १८७३ त पोर्ट ट्रस्ट स्थापन झाला, आणि १८८० त प्रिन्स गोदी सुरू झाली. येथें भरावाचें मोल बाजारांतील गलक्यावरून न ठरतां त्याच्या उपयोगावरून ठरलें.

एवढें होऊनही शहर शहाणें झालें काय? पहिल्या महायुद्धानंतरच्या तेजींत सरकारनेंच बॅक बेचा भराव पुन्हां हातीं घेतला. ठरविलेल्या आठ विभागांपैकीं चारच त्या वेळीं पुरे झाले. मरीन ड्राइव्हवर फिरावयास जातांना हें आठवावें.

राहत्या घरावर माया असावी. आईनें तुळस लावलेल्या अंगणाची किंमत रुपयांत होत नाहीं. परंतु गुंतवणुकीच्या जमिनीवर माया नको, आणि ईर्ष्या तर नकोच. जागा पाहावयास निघण्यापूर्वीं भाडें, खर्च, कर्जाचें व्याज, थांबावयाचीं वर्षें आणि ज्यापुढें जावयाचें नाहीं तो आंकडा, एवढें कागदावर लिहून ठेवावें. दुसऱ्या दिवशीं बाजार चढला तरी कागद बदलूं नये; पडला तरी फाडूं नये. आंकडे चुकले असें दिसलें, तरच पेन उचलावें. १८६५ सालीं कित्येक कुटुंबांची पुंजी गेली, ती या एका कागदाच्या अभावीं.