गच्चीवर न झालेला मजला

आपल्या सोसायटीचा पंचवीस वर्षांचा इतिहास लिहा म्हटल्यावर मला आधी गच्चीच आठवली. आपली निम्मी भांडणं तिच्यावरूनच झाली.

२०१२ च्या दुष्काळात नळाला पाणी कधी येईल याचा भरवसा नव्हता. ज्याने त्याने गच्चीवर आपापली टाकी चढवली. हजार लिटरची टाकी भरली की एक टन वजन, हे कुणाच्या डोक्यात आलं नाही. त्यात एक टाकी माझी होती, हे आधीच कबूल करतो. पुढे पाणी आलं, पण टाक्या तिथेच राहिल्या. २०१४ च्या वार्षिक सभेत ठराव आला : वर अजून एक मजला चढवू, फ्लॅट विकू आणि त्या पैशात लिफ्ट बसवू.

विरोध करणं सोपं नव्हतं. तिसऱ्या मजल्यावरच्या काकू गुडघ्यांमुळे महिना महिना खाली उतरत नव्हत्या. "पिलर चांगले जाडजूड आहेत, काय होतंय?" असं बहुतेकांचं मत. जालना म्हणजे सळईचं गाव, पण आपल्या पिलरमध्ये किती सळई आहे हे एकालाही ठाऊक नव्हतं. मी तेव्हा सेक्रेटरी. म्हटलं, एकदा इंजिनियरला दाखवू.

त्यांनी जुने नकाशे मागवले, पिलर तपासले, काँक्रीटचे नमुने काढले आणि पार्किंगमध्ये खुर्च्या टाकून आम्हाला समजावलं. आपले नकाशे १९९८ चे. तेव्हा आयएस ४५६ ची १९७८ ची आवृत्ती लागू होती. आरसीसीला एम १५ काँक्रीट चालायचं. २००० साली किमान एम २० झालं. भूकंपाचा नकाशाही बदलला. ३० सप्टेंबर १९९३ ला किल्लारी हादरली, तेव्हा नकाशात ती सगळ्यात कमी धोक्याच्या झोन १ मध्ये होती. तिथल्या दगडी भिंतींवर मातीचं जाड माळवद होतं. गळू नये म्हणून वर्षानुवर्षं थरावर थर चढलेले. (आमच्या टाक्यांचं वेगळं काय होतं?) २००२ साली झोन १ रद्दच झाला, त्या नकाशात जालना झोन २ मध्ये होतं.

"साहेब, मग आमची बिल्डिंग बेकायदा झाली का?" एकाने विचारलं.

"नाही हो. नियम बदलला म्हणून आहे ती इमारत कुणी बदलायला लावत नाही. पण तिला नवं काही जोडलं की हिशेब बदलतो."

हिशेब आयएस १८९३ मध्ये आहे. जोडबांधकाम स्वतंत्र उभं असेल, तर तेवढंच नव्या नियमात बसवायचं. जुन्याला जोडलेलं असेल, तर अख्खी इमारत नव्या नियमात बसली पाहिजे. सूट मिळते ती अशी : नवा भाग नियमात हवा, जुन्या कुठल्याही भागावरचा भूकंपाचा जोर ५ टक्क्यांपेक्षा जास्त वाढू नये (वाढला तर तो भाग आजच्या नियमाने तेवढा सोसणारा हवा) आणि जुन्याची ताकद नियमाखाली जाऊ नये. आपले तळमजला धरून चार मजले. पाचवा चढला की वजनच साधारण पाव हिश्शाने वाढतं. म्हणजे पायापासून प्रत्येक पिलरला जॅकेटिंग, तेही माणसं राहत असताना. फ्लॅट विकून येणारा पैसा त्यातच गेला असता.

ठराव पडला. दोन घरं माझ्याशी बरेच दिवस बोलत नव्हती.

लिफ्ट मात्र झाली. जिन्याशेजारी स्वतःच्या पायावर, स्वतःच्या पिलरवर वेगळा मनोरा उभा केला. इमारत आणि मनोरा यांच्यात फट ठेवली आहे, हादऱ्यात ते एकमेकांवर आपटू नयेत म्हणून. पाहुणे तिला तडा समजतात. मुलं तिच्यात चॉकलेटचे कागद कोंबायची, म्हणून वर पत्र्याची पट्टी बसवली. पण विकायला फ्लॅट नव्हते, सगळा पैसा वर्गणीतून. तळमजल्यावाल्यांनी किती द्यायचं यावरच एक वर्ष गेलं. लिफ्ट चालू झाली २०१७ ला. काकूंना ती जेमतेम दोन वर्षं मिळाली. आपण भांडलो नसतो तर अजून मिळाली असती, हे मला अजून लागतं.

टाक्या नंतर उतरवल्या, खाली एकच मोठी बांधली. आता शहराची महानगरपालिका झाल्यापासून 'एफएसआय वाढलाय, एक मजला निघतो' असं पुन्हा कानावर येतंय. इंजिनियरचा अहवाल ऑफिसातल्या हिरव्या कपाटात, दुसऱ्या कप्प्यात आहे. किल्ली वॉचमनकडे असते.